ॲपचे लॉग सिस्टमच्या हवाली करताना

ॲपने स्वतःची लॉग फाइल उघडायची आणि बंद पडेपर्यंत तिच्यात लिहीत राहायचं, ही पद्धत अजून कितीतरी सर्व्हरवर चालू आहे. तिचे त्रासही ठरलेले आहेत. लॉगरोटेट (लॉग फाइली ठराविक मुदतीने बदलणारं साधन) जुनी फाइल पुसून टाकतो, पण प्रोसेस तिला धरूनच बसलेली असते. मग फाइलींचे आकार मोजणारा ‘डीयू’ म्हणतो जागा आहे आणि डिस्कची उरलेली जागा सांगणारा ‘डीएफ’ म्हणतो डिस्क भरली. चार वर्कर एकाच फाइलवर तुटून पडले की एकाच्या ओळीत दुसऱ्याची ओळ घुसते. फोल्डरची मालकी बदलली की ॲप सुरूच होत नाही. आणि रात्री घोटाळा झालाच, तर एसएसएच (दूरचं लॉगिन), पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि आपलं ॲप यांच्या नोंदी तीन ठिकाणी, तीन तऱ्हेच्या तारखा घालून पडलेल्या सापडतात.

हे सगळं सांभाळणारी लॉग सेवा (सिसलॉग, आणि हल्ली जर्नलडी) लिनक्सवर आधीपासून हजर असते. तिच्यापर्यंत नोंद नीट पोचवणं एवढंच ॲपचं काम. ‘नीट’ या शब्दात मात्र बरंच काही येतं, आणि बहुतेक ठिकाणी घोळ तिथेच होतो. उदाहरणासाठी पायथनमध्ये लिहिलेली ‘वखार’ नावाची मालसाठ्याची सर्व्हिस धरू. मशीन उबुंटू, सर्व्हिस सिस्टमडीखाली (लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू-बंद करणारी यंत्रणा) चालते. आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमनमध्येच टाकायची.

पलीकडे ऐकतंय कोण?

सिसलॉग ही कल्पना एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेलसाठी काढली. ॲप /डेव्ह/लॉग या सॉकेटवर (प्रोसेसनी एकमेकांना निरोप द्यायची जागा) संदेश टाकतं आणि पलीकडचा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, ठरवतो की तो कुठे जायचा. ॲपच्या बाजूने आजही चित्र तेच आहे, पलीकडचा माणूस बदललाय. ‘एलएस -एल /डेव्ह/लॉग’ मारून बघा: ती /रन/सिस्टमडी/जर्नल/डेव्ह-लॉग कडे जाणारी लिंक आहे. म्हणजे पहिला ऐकणारा जर्नलडी, सिस्टमडीचा लॉग सांभाळणारा डीमन. तो नोंद आपल्या बायनरी जर्नलमध्ये ठेवतो आणि एक प्रत आरसिसलॉगकडे, म्हणजे सिसलॉग पद्धतीच्या डीमनकडे, सरकवतो. आरसिसलॉग ती /व्हार/लॉग/सिसलॉग मध्ये लिहितो, नाहीतर दुसऱ्या मशीनकडे धाडतो. रेडहॅटच्या कुळात याच्या उलट आहे. तिथे आरसिसलॉग आयएमजर्नल मॉड्यूल वापरून जर्नलमधून नोंदी स्वतः ओढून घेतो. डेबियन १२ मध्ये (२०२३) तर आरसिसलॉग आपोआप बसतच नाही, त्यामुळे ‘/व्हार/लॉग/सिसलॉग कुठे गेली’ हा प्रश्न तेव्हापासून सारखा ऐकू येतो. नोंदी कुठेही गेलेल्या नाहीत, जर्नल वाचायच्या जर्नलसीटीएल या आज्ञेने बघायचं.

जर्नलडीकडे जायला ॲपला तीन दारं आहेत. पहिलं, सरळ स्टँडर्ड आउटपुटवर (एसटीडीआउट) छापणं. दुसरं, /डेव्ह/लॉग वरून जुन्या सिसलॉग पद्धतीने. तिसरं, जर्नलचा स्वतःचा सॉकेट, ज्यावर नोंद वेगवेगळ्या फील्डसह पाठवता येते. कुठली नोंद कुठल्या दाराने आली ते ‘जर्नलसीटीएल -ओ व्हर्बोज’ मध्ये _ट्रान्सपोर्ट या फील्डात दिसतं: एसटीडीआउट, सिसलॉग किंवा जर्नल. हे फील्ड बघायची सवय लावून घ्यावी. कारण सगळ्यात नेहमीची तक्रार असते ‘प्रत्येक नोंद दोनदा येतेय’, आणि तिचं उत्तर दहापैकी नऊ वेळा इथेच असतं. कुणीतरी सिसलॉग हँडलर (पायथनमध्ये नोंद ठरावीक जागी पोचवणारा भाग) जोडलाय, पण आधीचा, ओळी नुसत्या छापणारा स्ट्रीम हँडलर काढलेला नाही. एकच संदेश दोन दारांनी आत येतो.

ॲप एकाच मशीनवर आहे आणि सिस्टमडीखाली चालतंय, तर माझ्या मते पहिलं दार पुरे. उगाच हँडलरांची माळ लावायची गरज नाही.

पहिलं दार: फक्त छापा

युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टमडीला सांगणारी फाइल) सर्व्हिस विभागात ‘सिसलॉगआयडेंटिफायर=वखार’ लिहा. हे नाही लिहिलं तर नोंदींवर प्रोसेसचं नाव येतं, म्हणजे सगळ्या पायथन सर्व्हिसेस ‘पायथन३’ नावाने एकाच गर्दीत. ‘स्टँडर्डआउटपुट=जर्नल’ हे डिफॉल्टच आहे. बदल केल्यावर ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ आणि मग रिस्टार्ट.

आता तीव्रतेचं, म्हणजे नोंद किती गंभीर आहे त्याचं, काय? छापलेल्या ओळीला स्वतःची तीव्रता नसते, म्हणून सिस्टमडी सगळ्यांना इन्फो लावतो. एसटीडीएररवर (चुका छापायची वेगळी वाट) आलेल्यांनाही इन्फोच. यावर उपाय ओळीच्या सुरुवातीलाच आहे: <३> ने सुरू होणारी ओळ एरर धरली जाते, <४> ने सुरू होणारी वॉर्निंग. सिस्टमडी तो कंसातला आकडा काढून टाकतो आणि प्रायॉरिटी फील्डात घालतो. ‘सिसलॉगलेव्हलप्रीफिक्स’ हे सेटिंग मुळातच चालू असतं. पायथनच्या फॉर्मॅटरमध्ये (नोंदीची ओळ घडवणारा भाग) दहा ओळींत हे बसतं.

इथे दोन खड्डे आहेत. एक, बफर. पायथनला समोर टर्मिनल दिसलं नाही की तो ‘प्रिंट’चं आउटपुट साठवून ठेवतो आणि तुकड्यातुकड्याने सोडतो, त्यामुळे नोंदी काही मिनिटं उशिरा येतात आणि प्रोसेस मारली गेली तर येतच नाहीत. युनिट फाइलमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट=पायथनअनबफर्ड=१’ टाकायचं. लॉगिंग मॉड्यूलचा स्ट्रीम हँडलर मात्र प्रत्येक नोंदीनंतर फ्लश करतो, त्याला हा त्रास नाही.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे. या दारात प्रत्येक ओळ ही वेगळी नोंद. पायथनचा ट्रेसबॅक (चूक कुठून कुठे आली त्याचा माग) वीस ओळींचा असेल तर जर्नलमध्ये वीस नोंदी होतात, आणि <३> फक्त पहिल्या ओळीला असतो. मग ‘जर्नलसीटीएल -यू वखार -पी एरर’ मारलं की नुसतं ‘साठा वाचता आला नाही’ एवढं दिसतं. खरं कारण सांगणाऱ्या एकोणीस ओळी इन्फोच्या ढिगात. फॉर्मॅटरमध्ये प्रत्येक ओळीला आकडा जोडला तर त्या निदान एका गाळणीत येतात. खरा उपाय तिसऱ्या दाराचा: ‘पायथन३-सिस्टमडी’ हे पॅकेज बसवा आणि त्यातला जर्नलहँडलर वापरा. तो पूर्ण ट्रेसबॅक एकाच नोंदीत ठेवतो, शिवाय फाइलचं नाव, ओळ क्रमांक, फंक्शन ही फील्डं आपणहून भरतो. आपली फील्डंही जोडता येतात. ‘गोदाम=भिवंडी’ असं फील्ड टाकलं की नंतर जर्नलसीटीएलला तेच देऊन नेमक्या नोंदी काढता येतात, ग्रेपने मजकूर शोधत बसायची झटापट नाही. फक्त फील्डाचं नाव मोठ्या रोमन अक्षरांत हवं आणि ते अंडरस्कोरने सुरू होता कामा नये. अंडरस्कोरवाली फील्डं जर्नलडी स्वतः भरतो, म्हणून ती खोटी घालता येत नाहीत.

दुसरं दार: सिसलॉग हँडलर

नोंदी वेगळ्या मजकूर फाइलमध्ये हव्या असतील, मध्यवर्ती लॉग सर्व्हरकडे जायच्या असतील किंवा तेच ॲप सिस्टमडी नसलेल्या मशीनवरही चालायचं असेल, तर सिसलॉग.

प्रत्येक सिसलॉग संदेशाच्या डोक्यावर एक आकडा असतो: फॅसिलिटी (नोंद कुठल्या प्रकारच्या प्रोग्रॅमची ते) गुणिले ८ अधिक तीव्रता. फॅसिलिटी ० ते २३, तीव्रता ० ते ७. ० म्हणजे इमर्जन्सी, ३ एरर, ४ वॉर्निंग, ५ नोटिस, ६ इन्फो, ७ डीबग. आकडा लहान तितकं प्रकरण गंभीर. आपल्यासारख्यांच्या ॲपसाठी लोकल० ते लोकल७ या फॅसिलिटी, म्हणजे १६ ते २३, मोकळ्या ठेवल्या आहेत. लोकल३ वरची एरर म्हणजे १९ गुणिले ८ अधिक ३, १५५. टीसीपीडम्पमध्ये (नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारं साधन) <१५५> दिसला की उलटं गणित करता आलं पाहिजे, म्हणून हे सांगितलं. मोकळ्या म्हटल्या तरी काही जागा अडलेल्या असतात. पोस्टग्रेस मुळात लोकल० वापरतं, एंजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि सिस्कोचे राउटर लोकल७. म्हणून वखारला लोकल३.

पायथनच्या सिसलॉगहँडलरमध्ये बिनबोभाट फसवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत.

पत्ता दिला नाही तर तो लोकलहोस्टच्या ५१४ यूडीपी पोर्टवर पाठवतो. उबुंटूवर त्या पोर्टवर कुणी ऐकत नसतं. यूडीपीत पोच मिळत नसल्यामुळे एररही येत नाही. ॲप खूश, नोंदी हवेत. ‘ॲड्रेस’मध्ये /डेव्ह/लॉग हे स्पष्ट द्यायचंच. सॉकेट जागेवर नसला तर हँडलर बनताना तो गप्प राहतो आणि पहिली नोंद टाकताना एसटीडीएररवर ‘लॉगिंग एरर’चा ट्रेसबॅक ओततो. म्हणजे ‘ॲप सुरू झालं’ यावरून लॉग जोडला गेला असं समजू नये.

मग टॅग, म्हणजे संदेशाच्या सुरुवातीचं प्रोग्रॅमचं नाव. हँडलर स्वतःहून ॲपचं नाव लावत नाही. फॉर्मॅट नुसता संदेश असला आणि संदेश ‘पावती जतन झाली’ असला, तर आरसिसलॉग पहिल्या शब्दालाच टॅग समजतो आणि त्याच्या लेखी प्रोग्रॅमचं नाव होतं ‘पावती’. पुढचा नियम जुळत नाही आणि नोंदी भलत्या फाइलमध्ये जातात. फॉर्मॅटच्या सुरुवातीला ‘वखार[प्रोसेस क्रमांक]: ’ असं हवं, कोलन आणि त्यानंतरची मोकळी जागा धरून. हँडलरच्या ‘आयडेंट’ गुणधर्मात नाव दिलं तरी चालतं, पण तिथेही कोलन आपणच लिहायचा. तारीख मात्र फॉर्मॅटमध्ये घालू नका, ती डीमन लावतो.

पातळी. पायथनच्या मुळाच्या लॉगरची पातळी वॉर्निंग असते. हँडलर सगळा बरोबर बसवून इन्फो दिसत नाही म्हणून लोक आरसिसलॉग उसवत बसतात. आधी ‘सेटलेव्हल’ बघा. आणि कुणी ‘ऑडिट’ वगैरे स्वतःची पातळी बनवली असेल, तर हँडलरला तिचं सिसलॉगमधलं नाव ठाऊक नसतं, तो तिला गुपचूप वॉर्निंग करून टाकतो. हँडलरची सबक्लास करून ‘प्रायॉरिटी_मॅप’मध्ये तिची भर घालावी लागते.

सी मध्ये लिहिणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी, पण दोन्ही चावणाऱ्या. ‘ओपनलॉग’ला दिलेलं नाव तो कॉपी करत नाही, फक्त पॉइंटर जपतो. स्टॅकवरच्या बफरमध्ये नाव बनवून दिलं तर फंक्शन संपल्यावर नोंदींवर कचरा उमटतो. आणि बाहेरून आलेली स्ट्रिंग ‘सिसलॉग’ फंक्शनला थेट फॉर्मॅट म्हणून कधीही द्यायची नाही. मध्ये टक्का-एस हवाच, नाहीतर ते सुरक्षेतलं भगदाड आहे.

वेगळी फाइल हवी तर

/एटीसी/आरसिसलॉग.डी/ मध्ये ‘३०-वखार.कॉन्फ’ नावाची फाइल करा. आत एकच अट: प्रोग्रॅमनेम ‘वखार’ असेल तर ओएमफाइलने (फाइलमध्ये लिहिणारं मॉड्यूल) /व्हार/लॉग/वखार/वखार.लॉग मध्ये लिही आणि ‘स्टॉप’. सुरुवातीचा ३० शोभेचा नाही. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि उबुंटूचे मूळ नियम ‘५०-डिफॉल्ट’ मध्ये आहेत. आपली फाइल त्यांच्यानंतर आली तर ‘स्टॉप’ला अर्थ उरत नाही, नोंद तोवर /व्हार/लॉग/सिसलॉग मध्येही पडलेली असते.

प्रोग्रॅमनेम हे टॅगच्या सुरुवातीपासून कोलन, चौकटी कंस किंवा तिरकी रेघ यांपैकी जे आधी येईल तिथपर्यंत धरलं जातं. टॅग ‘वखार/वर्कर’ असा ठेवला तर प्रोग्रॅमनेम फक्त ‘वखार’. हे सोयीचंही असतं, पण माहीत नसताना डोकं खातं.

मग परवानगी. उबुंटूवर आरसिसलॉग रूट म्हणून सुरू होतो आणि लगेच ‘सिसलॉग’ या युजरवर उतरतो. /व्हार/लॉग मध्ये त्याला लिहिता येतं, पण आपण सुडो लावून बनवलेलं /व्हार/लॉग/वखार हे रूटचं असतं. फाइल बनत नाही, ॲपला काही कळत नाही. फोल्डर सिसलॉग युजरच्या आणि ॲडम ग्रुपच्या नावावर करा, परवानगी ०७५०. रिस्टार्टआधी ‘आरसिसलॉगडी -एन१’ चालवून कॉन्फिग तपासा. एक महिरपी कंस विसरला तरी तो ओळ क्रमांकासकट सांगतो.

लॉगरोटेटमध्ये नव्या फाइलची नोंद हाताने करायची असते, हे हमखास राहून जातं. पोस्टरोटेटमध्ये /यूएसआर/लिब/आरसिसलॉग/आरसिसलॉग-रोटेट ही तयार स्क्रिप्ट द्यायची, ती डीमनला नवी फाइल उघडायला लावते. डिस्ट्रोसोबत येणारी आठवड्याची, चार प्रतींची मुदत आंधळेपणाने उचलू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे भारतातल्या सेवा पुरवठादारांना आणि कंपन्यांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. आठवड्याला एक धरून २६ प्रती ठेवल्या की १८२ दिवस भरतात. जर्नलवर या बाबतीत विसंबू नये. /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डरच नसेल तर ते /रन मध्ये, म्हणजे मेमरीत राहतं आणि रीबूटला जातं. फोल्डर असलं तरी डिफॉल्ट मर्यादा फाइलसिस्टमच्या १० टक्के, आणि फार तर ४ जीबी. ती भरली की १८० दिवस झाले की नाहीत हे न बघता जुनं पुसलं जातं.

नोंदी गळतात कुठे

गळती शोधताना आधी दर बघावा. जर्नलडी एका सर्व्हिसकडून ३० सेकंदांत १०,००० नोंदी घेतो, त्यानंतरच्या टाकून देतो आणि ‘सप्रेस्ड’ अशी एक ओळ लिहून मोकळा होतो. (डिस्कवर मोकळी जागा भरपूर असली तर तो हा आकडा आपणहून वाढवतो, म्हणून दोन मशीनवर वेगळं वागणं दिसतं.) म्हणजे सेकंदाला साधारण ३३३. रेडहॅटच्या कुळात पुढे आयएमजर्नलची वेगळी मर्यादा असते: ६०० सेकंदांत २०,०००, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३३. जर्नलमध्ये सगळं दिसतं आणि फाइलमध्ये नाही, असं झालं की या दुसऱ्या गाळणीकडे बघा. मर्यादा सरसकट उठवण्यापेक्षा बोलक्या सर्व्हिसच्या युनिटमध्ये ‘लॉगरेटलिमिटबर्स्ट’ वाढवावं. नाहीतर एखाद्या रिट्राय लूपने अर्ध्या तासात सगळ्या मशीनचे जुने लॉग बाहेर ढकलले, असं होऊ शकतं.

दुसरी गळती लांबीची. सिसलॉगचं जुनं स्वरूप सांगणाऱ्या आरएफसी ३१६४ (२००१) या दस्तऐवजात पूर्ण संदेशाला १,०२४ बाइटची मर्यादा लिहिली आहे. आरसिसलॉग स्वतः ८ केबीपर्यंत घेतो, पण वाटेतला प्रत्येक जण तितका उदार नसतो. एचएप्रॉक्सी हा लोड बॅलन्सर मुळातच १,०२४ वर ओळ कापतो; लॉगच्या ओळीत ‘लेन ४०९६’ जोडावं लागतं. मराठीत संदेश लिहिणाऱ्यांनी हिशोब ध्यानात ठेवावा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा धरून. ‘पावती’ला १५ बाइट लागतात. १,०२४ बाइटमध्ये साधारण ३४१ चिन्हं, म्हणजे चार-पाच वाक्यं. कात्री चिन्हाच्या मधोमध पडली तर उरलेला तुकडा वैध यूटीएफ-८ राहत नाही आणि जर्नलसीटीएल तिथे ‘ब्लॉब डेटा’ एवढंच दाखवतो. अशा वेळी ‘-ए’ लावून बघायचं. एरवी देवनागरी नोंदींना जर्नल किंवा आरसिसलॉगची काही आडकाठी नाही.

आरसिसलॉगच्या फाइलमध्ये #०१२ दिसलं तर तो नव्या ओळीचा बदललेला अवतार आहे, #०११ हा टॅबचा. ही सोय बंद करण्याचा मोह होतो, कारण ट्रेसबॅक एका लांबलचक ओळीत वाचवत नाही. बंद करू नका. वापरकर्त्याने फॉर्ममध्ये नवी ओळ घुसवून खोटी नोंद बनवू नये म्हणून ती आहे. स्टँडर्ड आउटपुटच्या दारात असं संरक्षण नसतं. तिथे कुणी नव्या ओळीनंतर <०> लिहून पाठवलं, तर जर्नलडी ती इमर्जन्सी समजून लॉगिन असलेल्या प्रत्येक टर्मिनलवर छापतो. बाहेरून आलेला मजकूर ‘रेप्र’मधून (नवी ओळ वगैरे उघड चिन्ह करून दाखवणारं पायथनचं फंक्शन) काढूनच लॉग करावा.

दुसऱ्या मशीनकडे

पायथनच्या हँडलरला थेट दूरच्या सर्व्हरचा पत्ता देता येतो. देऊ नये. टीसीपी वापरलं तर हा हँडलर प्रत्येक संदेशाच्या शेवटी शून्य बाइट लावतो, आणि पलीकडचा आरसिसलॉग ओळ संपल्याच्या खुणेची वाट बघत राहतो, त्यामुळे पाच-दहा संदेश एकमेकांना चिकटून एकच होतात. ‘अपेंड_नल’ बंद करून शेवटी नवी ओळ जोडली की सुटतं. पण मोठा मुद्दा पुढेच आहे: लॉग सर्व्हर अडकला की आपलं ॲप त्याच्या सॉकेटवर अडकतं. ॲपने जवळच्या /डेव्ह/लॉग वर टाकावं, पुढचा प्रवास आरसिसलॉगने करावा.

आरसिसलॉगच्या जुन्या लिखाणात एक @ म्हणजे यूडीपी, दोन @@ म्हणजे टीसीपी. यूडीपी ५१४ वर नोंदी हरवल्या तरी कुणालाच पत्ता लागत नाही. टीएलएससाठी, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीसाठी, ठरलेला पोर्ट ६५१४, आणि नेटवर्क आपलं स्वतःचं नसेल तर तोच. नव्या लिखाणात नोंदी पुढे पाठवणाऱ्या ओएमएफडब्ल्यूडी ॲक्शनमध्ये चार गोष्टी हव्यात: ‘क्यू.टाइप’ लिंक्डलिस्ट, ‘क्यू.फाइलनेम’ काहीतरी नाव, ‘क्यू.सेव्हऑनशटडाउन’ ऑन आणि ‘ॲक्शन.रिझ्यूमरिट्रायकाउंट’ उणे १. शेवटचं डिफॉल्टने ० असतं, म्हणजे सर्व्हर दिसला नाही की नोंद टाकून दिली. इंटरनेटवरून फक्त उणे १ उचलून बाकीची तीन सोडणारे खूप जण आहेत, आणि ते त्याहून वाईट. ॲक्शनला स्वतःची रांग नसेल तर ती मुख्य रांगच अडवून धरते. मग लॉग सर्व्हर बंद पडला की या मशीनवरच्या /व्हार/लॉग/सिसलॉग मध्ये लिहिणंही थांबतं. फाइलनेम दिलं की रांग भरल्यावर डिस्कवर सांडते. किती सांडू द्यायचं ते ‘क्यू.मॅक्सडिस्कस्पेस’मध्ये लिहा, १ जीबीपासून सुरुवात बरी.

रेडहॅटवर लॉग सर्व्हर ठरलेल्यापेक्षा वेगळ्या पोर्टवर चालवायचा असेल तर एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेला ते ‘सीमॅनेज’ने सांगावं लागतं, प्रकार ‘सिसलॉगडी_पोर्ट_टी’. फायरवॉल उघडूनही जोडणी होत नसेल तर हेच निघतं.

वेळेचं भान पाठवतानाच ठेवावं. आरएफसी ३१६४ च्या तारखेत वर्षही नाही आणि टाइमझोनही नाही. एक मशीन यूटीसीवर आणि दुसरं आयएसटीवर असेल तर मध्यवर्ती फाइलमध्ये घटना साडेपाच तास मागेपुढे दिसतात, आणि तपासाच्या वेळी हे फार छळतं. पाठवताना ‘आरसिसलॉग_सिसलॉगप्रोटोकॉल२३फॉर्मॅट’ हा टेम्पलेट द्या. तो आरएफसी ५४२४ (२००९) प्रमाणे वर्ष, सेकंदांचे अंश आणि टाइमझोन घालतो. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) एनटीपी, म्हणजे वेळ पुरवणाऱ्या, सर्व्हरशी जुळवायलाही सांगितलं आहे.

बाकीची मंडळी

एंजिनएक्समध्ये ॲक्सेस_लॉगच्या ओळीत फाइलऐवजी ‘सिसलॉग:सर्व्हर=युनिक्स:/डेव्ह/लॉग’ आणि पुढे फॅसिलिटी, टॅग. टॅगमध्ये अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोरच चालतात. हायफन टाकला तर कॉन्फिग चेकच नापास. पोस्टग्रेसमध्ये ‘लॉग_डेस्टिनेशन’ सिसलॉग करा. मोठ्या क्वेरीचे तुकडे नको असतील तर ‘सिसलॉग_स्प्लिट_मेसेजेस’ ऑफ. एचएप्रॉक्सी चरूटमध्ये, म्हणजे एका फोल्डरपुरता कोंडून, बंद असतो, त्याला बाहेरचा /डेव्ह/लॉग दिसत नाही. डेबियन-उबुंटूचं पॅकेज आरसिसलॉगला /व्हार/लिब/एचएप्रॉक्सी/डेव्ह/लॉग असा दुसरा सॉकेट उघडायला सांगतं, म्हणून पॅकेजने बसवलं तर चालतं आणि सोर्सवरून बसवलं तर चालत नाही. आणि हो, प्रत्येक फ्रंटएंडला ‘लॉग ग्लोबल’ लागू आहे का ते बघा.

डॉकरच्या कंटेनरमध्ये /डेव्ह/लॉग नसतो. तो बाहेरून माउंट करता येतो, पण त्यापेक्षा ॲपने छापावं आणि लॉग ड्रायव्हर ‘जर्नलडी’ ठेवावा. डिफॉल्ट असलेला जेसन-फाइल ड्रायव्हर आकाराची कसलीच मर्यादा घालत नाही, डिस्क भरेपर्यंत लिहितो. ड्रायव्हर बदलल्यावर जुने कंटेनर जुनाच वापरत राहतात, ते पुन्हा बनवावे लागतात. इथे एक गंमत आहे. डॉकर एसटीडीआउटला इन्फो आणि एसटीडीएररला एरर लावतो. पायथनचा स्ट्रीम हँडलर मुळात एसटीडीएररवर लिहितो. परिणामी ‘साठा अद्ययावत’ अशा निरुपद्रवी नोंदीही एरर होऊन येतात आणि रात्री अलार्म वाजवतात. हँडलरला ‘सिस.एसटीडीआउट’ देऊन टाका.

तपासणी

एकेका सांध्यावर थांबत तपासा. ॲप बाजूला ठेवून टर्मिनलवर ‘लॉगर -टी वखार -पी लोकल३.एरर चाचणी’ ही आज्ञा मारा. मग ‘जर्नलसीटीएल -टी वखार -एफ’ मध्ये दिसतंय का, /व्हार/लॉग/वखार/वखार.लॉग मध्ये दिसतंय का, लॉग सर्व्हरवर टीसीपीडम्पमध्ये <१५५> दिसतोय का (टीएलएस असेल तर थेट तिथली फाइल बघा). लॉगरचं पोचतं आणि ॲपचं नाही, तर चूक ॲपच्या कॉन्फिगमध्ये. क्षणभर जगून मरणाऱ्या स्क्रिप्टच्या नोंदी ‘-यू’ने सापडल्या नाहीत तर घाबरू नका. जर्नलडी चौकशी करेपर्यंत प्रोसेस संपलेली असते, त्यामुळे युनिटचं नाव लागत नाही. ‘-टी’ने त्या सापडतात.

यानंतर मुद्दाम तोडून बघायचं. ‘सिस्टमसीटीएल स्टॉप आरसिसलॉग सिसलॉग.सॉकेट’ करा, सॉकेट विसरलात तर पुढच्या नोंदीला आरसिसलॉग परत उठून बसतो. उबुंटूवर ॲप चालूच राहायला हवं, कारण मध्ये जर्नलडी आहे. तो पुढे ढकलता न आलेल्या नोंदींची संख्या ‘फॉरवर्डिंग टू सिसलॉग मिस्ड’ अशा ओळीत सांगतो. खुद्द जर्नलडीच संथ डिस्कमुळे अडला तर मात्र /डेव्ह/लॉग ची रांग भरते आणि पायथनचा हँडलर तिथेच थांबतो, हातात वापरकर्त्याची रिक्वेस्ट धरून. जिथे हे परवडत नाही तिथे क्यूहँडलर आणि क्यूलिसनर जोडी लावा. रिक्वेस्टचा थ्रेड नोंद रांगेत टाकून पुढे जातो, पाठवण्याचं काम दुसरा थ्रेड करतो. रांगेला मर्यादा द्यायचीच, दहा हजार वगैरे, नाहीतर नोंदी मेमरीत साचत जातात आणि सर्व्हिस ओओएममध्ये, म्हणजे मेमरी संपल्यामुळे, मारली जाते.

शेवटची चाचणी फॉरवर्डिंगची. लॉग सर्व्हरच्या फायरवॉलवर पोर्ट दहा मिनिटं बंद ठेवा, तेवढ्या वेळात लॉगरने क्रमांक घातलेल्या हजारभर नोंदी टाका. इतक्या नोंदी मेमरीतच मावल्या तर डिस्कवर काही दिसणार नाही, म्हणून पोर्ट बंद असतानाच आरसिसलॉग रिस्टार्ट करा आणि /व्हार/स्पूल/आरसिसलॉग मध्ये रांगेची फाइल उमटते का बघा. पोर्ट उघडल्यावर पलीकडच्या फाइलमध्ये क्रमांक मोजा. जोडणी तुटली त्या क्षणाच्या आसपासचे दोन-चार गेलेले असू शकतात, कारण साध्या टीसीपीत कर्नलच्या बफरमध्ये पोचलेलं ‘पाठवलं’ असंच धरलं जातं. तेवढेही जाऊन चालणार नसतील तर ओएमएफडब्ल्यूडीच्या जागी ओएमआरईएलपी घाला. त्यात पलीकडून पोच आल्याशिवाय नोंद रांगेतून निघत नाही.